दुसऱ्या फ्लॅटचा हिशेब

परदेशात पाच-सात वर्षं झाली, नोकरी स्थिरावली, इथल्या घराचं मॉर्गेज सुरू झालं, की आपल्यापैकी बहुतेकांना एक प्रश्न विचारला जातो. "पुण्यात काही घेतलंस की नाही?" रीडिंगमध्ये गणपतीच्या आरतीनंतर तो निघतो, दिवाळीच्या फराळाला निघतो, भारतातल्या काकांच्या व्हिडिओ कॉलवर तर हमखास निघतो. 'काही' म्हणजे फ्लॅट, हे वेगळं सांगावं लागत नाही. आई-वडील राहतात ते घर यात धरलेलं नसतं. प्रश्न असतो दुसऱ्या फ्लॅटचा, जो भाड्यानं द्यायचा असतो आणि 'कधी लागलाच तर' म्हणून ठेवायचा असतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. परत जायचं नक्की असेल, किंवा आई-वडिलांना लिफ्ट असलेल्या इमारतीत हलवायचं असेल, तर घर जरूर घ्यावं. ते घर आहे, गुंतवणूक नाही, आणि त्याचा हिशेब टक्केवारीत करू नये. पण निव्वळ भाड्यासाठी आणि 'पैसा विटा-सिमेंटात असलेला बरा' म्हणून दुसरा फ्लॅट घेणार असाल, तर त्याआधी रिअल इस्टेट इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट, म्हणजे 'रीट', हा पर्याय समजून घ्या. आणि तो समजून घेताना आपल्यासारख्या आयटीवाल्यांना त्यात असलेला खास धोकाही बघा, कारण विकणारे तो सांगत नाहीत.

मी आर्थिक सल्लागार नाही, सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस आहे. पण बायको आणि मी गेल्या वर्षी याच प्रश्नावर बरेच शनिवार-रविवार घातले, तेव्हा जे वाचलं, मोजलं आणि ठरवलं ते इथे मांडतो.

रीटची कल्पना साधी आहे. ऑफिसची अख्खी इमारत किंवा मॉल विकत घेणं कुणा एकट्याला परवडत नाही. म्हणून एक ट्रस्ट किंवा कंपनी अशा इमारती घेते, तिचे लहान लहान हिस्से शेअर बाजारात विकले जातात, आणि जमलेलं भाडं खर्च वजा जाता हिस्सेदारांना वाटलं जातं. वाटायचं की नाही हे मालकाच्या मर्जीवर नसतं. ब्रिटनमध्ये भाड्याच्या करपात्र नफ्यातला ९० टक्के भाग वाटावाच लागतो. भारतात वाटण्याजोग्या निव्वळ रोकडीच्या किमान ९० टक्के रक्कम वाटावी लागते, आणि तीही वर्षातून किमान दोनदा. सध्याचे मोठे रीट दर तिमाहीला वाटतात. शिवाय भारतात किमान ८० टक्के मालमत्ता पूर्ण बांधलेली आणि भाडं देणारी असावी लागते, आणि कर्ज मालमत्तेच्या किमतीच्या ४९ टक्क्यांपुढे नेता येत नाही. पुण्या-मुंबईत अर्धवट राहिलेल्या टॉवरचे हप्ते भरणारी माणसं ज्यांच्या नात्यात आहेत, त्यांना त्या ८० टक्क्यांच्या अटीची किंमत कळेल.

रीडिंगकरांना हे समजायला लांब जायला नको. आपण ज्या ओरॅकल मॉलमध्ये शनिवारी फिरतो, त्याच्या मालकीत हॅमरसन ही कंपनी आहे आणि ती रीट आहे. रीडिंगहून एलिझाबेथ लाइननं लंडनकडे निघालं की बर्नहॅमनंतर स्लाउ येतं. तिथली ट्रेडिंग इस्टेट सेग्रो या कंपनीची. १९२० मध्ये पहिल्या महायुद्धातल्या लष्करी गाड्यांचा डेपो विकत घेऊन सुरू झालेली ही वसाहत. मार्स चॉकलेट १९३२ मध्ये याच स्लाउत सुरू झालं. आज तिथे गोदामांच्या आणि कारखान्यांच्या बरोबरीनं डेटा सेंटर्स आहेत. ब्रिटनमध्ये १ जानेवारी २००७ रोजी रीटचा कायदा लागू झाला, आणि पहिल्याच दिवशी रीट झालेल्या कंपन्यांत सेग्रो, तेव्हाचं स्लाउ इस्टेट्स, आणि हॅमरसन दोन्ही होत्या.

भारतात हे यायला वेळ लागला. गंमत म्हणजे भारतातली आयटी पार्क्स मुंबईच्या आधी सिंगापूरच्या शेअर बाजारात पोचली. आज कॅपिटालँड इंडिया ट्रस्ट म्हणून ओळखला जाणारा ट्रस्ट तिथे ऑगस्ट २००७ मध्ये नोंदला गेला. सेबीचे रीटसाठीचे नियम आले सप्टेंबर २०१४ मध्ये, आणि पहिला भारतीय रीट, एम्बसी ऑफिस पार्क्स, बाजारात आला १ एप्रिल २०१९ रोजी, ३०० रुपयांना एक युनिट या दरानं. मग २०२० मध्ये माइंडस्पेस, २०२१ मध्ये ब्रुकफिल्ड, २०२३ मध्ये मॉलवाला नेक्सस सिलेक्ट आणि २०२५ मध्ये नॉलेज रियल्टी.

यातल्या इमारतींची यादी वाचली तर आपली अर्धी बायोडेटाच समोर येते. हिंजवडीतली क्वाड्रॉन, क्युबिक्स आणि टेकझोन ही पार्क्स एम्बसीची. मुंबईतला नरिमन पॉइंटचा एक्स्प्रेस टॉवर्सही त्यांच्याकडेच. ऐरोलीतली दोन मोठी संकुलं, येरवड्याचं कॉमरझोन आणि खराडीचं गेरा कॉमरझोन माइंडस्पेसमध्ये. पवईचं डाउनटाउन ब्रुकफिल्डमध्ये. सीवूड्सचा मॉल आणि औंधचा वेस्टएंड नेक्ससमध्ये. सुरुवातीला यात शिरायलाच लाख-दोन लाख रुपये लागत. २०२१ मध्ये सेबीनं नियम बदलला आणि आता एक युनिटसुद्धा विकत घेता येतं. ज्या इमारतीत बारा-बारा तास बसून पहिल्या नोकरीत कोड लिहिला, तिच्या भाड्यात काहीशे रुपयांत वाटेकरी होता येतं, हे मला तरी भारी वाटतं.

आता फ्लॅटचा हिशेब करू. आकडे नमुन्यादाखल आहेत, तुमचे घालून बघा. वाकड किंवा बाणेरच्या बाजूला ९० लाखांचा फ्लॅट. पुण्यात मुद्रांक शुल्क आणि मेट्रो अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ६ लाख ३० हजार, आणि नोंदणीचे ३० हजार. एकूण ९६ लाख ६० हजार. भाडं महिना २५ हजार. दोन भाडेकरूंच्या मध्ये वर्षाकाठी एक महिना रिकामा धरला तर हातात २ लाख ७५ हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स आणि नॉन-ऑक्युपन्सी चार्ज मिळून ४२ हजार, एजंटला एक महिन्याचं भाडं २५ हजार, रंग-दुरुस्ती २० हजार, महापालिकेचा कर १५ हजार. उरले १ लाख ७३ हजार. गुंतवलेल्या रकमेवर हा परतावा १.८ टक्के होतो, आणि तोही प्राप्तिकराच्या आधी. घरमालक अनिवासी असेल तर भाडेकरूनं ३१.२ टक्के कर कापून मगच भाडं द्यायचं असतं. हा नियम किती भाडेकरूंना माहीत असतो, आणि माहीत झाल्यावर किती जण दुसरा फ्लॅट शोधतात, ते ज्यानं त्यानं आठवावं.

"पण फ्लॅटची किंमत वाढते ना!" हा मुद्दा खरा आहे, आणि तो टाळून चालणार नाही. किंमत वाढते, कर्ज काढून घेता येतो, आणि भाव रोज मोबाइलवर दिसत नसल्यामुळे माणूस घाबरून विकत नाही. हे तिन्ही फायदे खरे. पण पुण्यात २०१४ नंतरची पाच-सहा वर्षं भाव फारसे हलले नव्हते, हेही आपण पाहिलं आहे. आणि विकायची वेळ आली की अनिवासी माणसाच्या व्यवहारात खरेदीदाराला कर कापावा लागतो, तो साध्या नियमानं नफ्यावर नाही तर पूर्ण किमतीवर. तो कमी करून घ्यायचा तर प्राप्तिकर खात्याकडून आधी प्रमाणपत्र आणावं लागतं. हे सगळं दहा दिवसांच्या रजेत बसत नाही.

या हिशेबात एक खर्च मी धरलेलाच नाही, आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोठा आहे. तो खर्च म्हणजे बाबा.

माझे बाबा चिंचवडला असतात, वय त्र्याहत्तर. अमेरिकेतल्या माझ्या मावसभावाचा वाकडचा फ्लॅट तेच सांभाळतात, कारण 'घरचंच माणूस हवं'. कुलमुखत्यारपत्र त्यांच्या नावावर. दर अकरा महिन्यांनी लीव्ह अँड लायसन्सचा नवा करार, त्याची नोंदणी, भाडेकरूचं पोलिस व्हेरिफिकेशन. वरच्या मजल्यावरून गळती झाली की प्लंबर गाठायचा, सोसायटीच्या सभेत जाऊन बसायचं, भाडं उशिरा आलं की फोन करायचा आणि फोन करताना आपणच ओशाळं व्हायचं. गेल्या पावसाळ्यात भाडेकरू बदलले तेव्हा ते महिन्यात नऊ वेळा चिंचवडहून वाकडला गेले. तक्रार करत नाहीत. विचारलं तर म्हणतात, "तेवढाच वेळ जातो." पण आईनं मला वेगळं सांगितलं.

आपण पौंडात कमावतो, रुपयात गुंतवतो, आणि त्यातली मजुरी मात्र सत्तरीतल्या माणसावर टाकतो. त्या मजुरीची किंमत धरली तर १.८ टक्क्यांतलं काय उरतं? परदेशातल्या मुलानं फ्लॅट घेतला की सोसायटीच्या लेखी मालक मुलगा असतो, पण प्रत्यक्षात नोकरी वडिलांना लागते. आमच्यापुरता निर्णय झाला तो इथे. रीटला प्लंबर लागत नाही. गळती झाली तर ती दुरुस्त करायला पगारी माणसं आहेत, आणि तिमाहीची वाटणी सरळ बँकेत जमा होते.

आता दुसरी बाजू. रीट म्हणजे मुदत ठेव नव्हे. भारतीय रीटची वाटणी किमतीच्या साधारण पाच ते सात टक्के असते असं सांगतात, ते ढोबळमानानं बरोबर आहे. पण त्या वाटणीत व्याज, लाभांश, भाडं आणि कर्जाची परतफेड असे निरनिराळे भाग असतात. परतफेडीचा भाग म्हणजे अंशतः तुमचंच भांडवल तुमच्याकडे परत येणं. त्यामुळे सात टक्के दिसले म्हणून सातही टक्के कमाई समजू नये.

भाव तर वरखाली होतोच. ३०० रुपयांना आलेलं एम्बसीचं युनिट चार वर्षांनी, २०२३ मध्ये, पुन्हा ३०० च्या आसपासच होतं. मधल्या वाटण्या मिळाल्या, मुद्दल तिथेच. इथे सेग्रोचा शेअर २०२२ या एका वर्षात जवळजवळ निम्म्यावर आला. गोदामं रिकामी झाली नव्हती. व्याजदर वाढले होते. बँक ऑफ इंग्लंडचा दर डिसेंबर २०२१ मध्ये ०.१ टक्का होता, तो ऑगस्ट २०२३ पर्यंत ५.२५ टक्क्यांवर गेला. बँकेतच पाच टक्के मिळू लागले की इमारतीच्या चार टक्क्यांना कोण विचारतो? आपल्या मॉर्गेजचा हप्ता ज्या कारणानं वाढला, त्याच कारणानं रीट पडले.

आणि काही रीट बुडतातही. इंटू ही ब्रिटनमधल्या मोठमोठ्या मॉलची मालक कंपनी, मँचेस्टरचं ट्रॅफर्ड सेंटर तिचंच. साडेचार अब्ज पौंडांच्या कर्जाखाली ती जून २०२० मध्ये कोसळली. आपल्या ओरॅकलवाल्या हॅमरसनला त्याच वर्षी भागधारकांकडून ५५ कोटी पौंडांहून अधिक रक्कम नव्यानं मागावी लागली. बेघरांसाठी घरं पुरवणारा होम रीट ऑक्टोबर २०२० मध्ये बाजारात आला. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याच्या कारभारावर जाहीर आरोप झाले आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याचे व्यवहार थांबवले गेले. भाडेकरू कोण, भाडं खरंच येतं का, कर्ज किती, हे तीन प्रश्न फ्लॅट घेताना आपण विचारतो. रीट घेतानाही तेच विचारायचे असतात. फरक इतकाच की त्यांची उत्तरं तिमाही अहवालात छापलेली असतात आणि ती वाचायचे कष्ट घ्यावे लागतात.

आता तो आयटीवाल्यांचा खास धोका. भारतातल्या पाचपैकी चार रीट प्रामुख्यानं ऑफिसांचे आहेत, आणि त्यांचे भाडेकरू बऱ्याच प्रमाणात आयटी कंपन्या आणि परदेशी कंपन्यांची भारतातली केंद्रं. म्हणजे आपण ज्यांच्यासाठी काम करतो तीच मंडळी. आयटीला ताप आला की आधी आपली नोकरी शिंकणार, मग हिंजवडीचा मजला रिकामा होणार, आणि मग वाटणी घटणार. वाकडचा फ्लॅट असेल तर तिथला भाडेकरूही हिंजवडीतलाच. पगार, रीट आणि फ्लॅट, तिन्ही एकाच खुंटीला टांगलेले!

ही नुसती कल्पना नाही. हिंजवडी आणि ऐरोलीतल्या बऱ्याच इमारती विशेष आर्थिक क्षेत्रात, म्हणजे एसईझेडमध्ये, बांधल्या गेल्या. मार्च २०२० नंतर सुरू होणाऱ्या कंपन्यांना तिथली प्राप्तिकराची सवलत मिळेनाशी झाली. त्याच महिन्यात सगळे लॅपटॉप घेऊन घरी गेले. सवलत नाही, माणसं नाहीत, आणि एसईझेडबाहेरच्या कंपनीला ती जागा देता येत नाही, अशी कोंडी झाली. डिसेंबर २०२३ मध्ये नियम बदलून एकेक मजला एसईझेडमधून मोकळा करायची मुभा मिळाली तेव्हा ती सुटू लागली. या काळात एम्बसीच्या बाकी पार्क्सच्या मानानं हिंजवडीतल्या पार्क्समध्ये रिकाम्या जागा जास्त राहिल्या. तिथे नोकरी केलेल्या कुणालाही याचं नवल वाटणार नाही. संध्याकाळी सहाला तिथून बाहेर पडायला लागणारा वेळ भाडेकरू कंपन्याही मोजतातच.

म्हणून आम्ही ठरवताना एक नियम केला. आपल्या पगाराशी ज्याचा संबंध कमीत कमी, ते आधी घ्यायचं. मॉल चालतो तो घरोघरच्या खर्चावर. गोदाम चालतं पार्सलांवर. ब्रिटनमध्ये प्रायमरी हेल्थ प्रॉपर्टीजसारखे रीट जीपी सर्जरीच्या इमारतींचे मालक आहेत, आणि सर्दी-खोकला आयटीतल्या मंदीची वाट बघत नाही. ऑफिसवाले रीट घ्यायचेच नाहीत असं नाही, पण ते शेवटी आणि थोडे.

दुसरा नियम चलनाचा. खर्च ज्या चलनात, गुंतवणूक त्या चलनात. मुलीची इथली शाळा-कॉलेजं पौंडात असतील, तर त्यासाठी ब्रिटिश रीट, आणि ते आयसामध्ये. वर्षाला २० हजार पौंडांच्या मर्यादेत आयसात ठेवलेल्या रीटच्या वाटणीवर कर लागत नाही, बाहेर ठेवले तर भाड्याच्या वाटणीतून २० टक्के आधीच कापले जातात. आई-बाबांची औषधं, कामवाल्या मावशींचा पगार, उद्या लागणारी केअरटेकर हे खर्च रुपयात आहेत, त्यासाठी भारतातले रीट. त्यातही दोन वर्षांचा खर्च मुदत ठेवीतच हवा. भाव पडलेला असताना हॉस्पिटलच्या बिलासाठी युनिट विकायची वेळ येऊ नये.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. भारतातले रीट घ्यायला एनआरई किंवा एनआरओ खात्याला जोडलेलं डिमॅट आणि ट्रेडिंग खातं लागतं. कॉलेजात असताना उघडलेलं निवासी डिमॅट तसंच वापरत राहणं नियमात बसत नाही. अनिवासी युनिटधारकाच्या वाटणीतल्या व्याजावर ५ टक्के आणि करपात्र लाभांशावर १० टक्के कर तिथे कापला जातो. वर्षभराहून जास्त ठेवून विकलं तर सव्वा लाखापुढच्या नफ्यावर साडेबारा टक्के. आणि मुख्य म्हणजे ब्रिटनमध्ये राहणाऱ्याला भारतातलं हे उत्पन्न इथल्या सेल्फ असेसमेंटमध्ये दाखवावं लागतं. 'पैसे इकडे आणलेच नाहीत' ही जुनी सबब एप्रिल २०२५ पासून चालत नाही. नव्यानं आलेल्यांना पहिली चार वर्षं सवलत आहे, बाकीच्यांना नाही. भारतात कापलेल्या कराचं क्रेडिट दोन देशांतल्या करारानुसार मिळतं, पण वाटणीतला कुठला भाग इथे कशात धरायचा हे अकाउंटंटकडून लेखी घ्यावं.

रीट काय देत नाही तेही सांगायला हवं. त्यावर नावाची पाटी लावता येत नाही. वास्तुशांत घालता येत नाही. "आमच्या मुलानं बाणेरला फ्लॅट घेतला" असं आईला भिशीत सांगता येतं, "आमच्या मुलानं ऐरोलीच्या इमारतीचे दोनशे युनिट घेतले" यात ती मजा नाही. हा आनंद खोटा नाही. ज्या पिढीनं आयुष्यभर दोन खोल्यांत काढलं आणि एका फ्लॅटसाठी वीस वर्षं हप्ते भरले, तिला घर हेच यशाचं माप वाटणार. पण मग तो आनंद म्हणूनच घ्यावा, खर्च म्हणून धरावा. गुंतवणूक म्हणून स्वतःची समजूत घालू नये.

या दिवाळीत कुणी पुण्याला जाऊन बुकिंगचा चेक देणार असेल, तर बिल्डरच्या ऑफिसात जाण्याआधी एक प्रश्न घरी विचारावा. व्हिडिओ कॉलवर नाही, समोर बसून. "बाबा, हा फ्लॅट पुढची दहा वर्षं सांभाळायला तुम्हाला खरंच आवडेल का?" आणि उत्तर देताना त्यांच्याकडे नाही, आईकडे बघावं.